सदतीस नंबरच्या नावाने

सिस्टर इमेल्डा, चर्चमध्ये तुमच्या अंत्यविधीच्या मिस्सेला मी चौथ्या बाकावर बसले. पहिल्या तीन बाकांना कागद चिकटवला होता, 'बोर्डिंगच्या मुलींसाठी राखीव'. मुली म्हणजे कोण, तर पन्नाशीला टेकलेल्या, गुडघे दुखतात म्हणून न टेकता नुसत्याच पुढे वाकणाऱ्या बायका. डे-स्कॉलरसाठी, म्हणजे आम्हा घरून येणाऱ्यांसाठी, कुठे कागद नव्हता. शाळा तीच, निळा पिनाफोर तोच, तुमच्या हातची पट्टीसुद्धा त्यांनी आणि आम्ही सारखीच खाल्ली. पण तुम्ही गेल्यावरही आमची जागा चौथ्या बाकापासून मागे.

खरं सांगते, तुम्ही गेलात याचं दुःख व्हायच्या आधी मला त्या कागदाचा राग आला. चर्चमध्ये बसून कुणी असं करतं का? मी केलं. फादर तुमच्याबद्दल चांगलं चांगलं बोलत होते आणि मी पुढच्या बाकावरच्या अंबाड्यांकडे बघत मोजत होते, यातल्या किती जणी गेल्या वर्षभरात तुम्हाला भेटायला आल्या. चार. फार तर पाच. मी दर गुरुवारी येत होते. आणि रडायला मात्र त्या पहिल्या रांगेत. मागच्या रांगेत रडलं तर आवाज पुढे जातो आणि लोक वळून बघतात, म्हणून मी रडलेही नाही.

तुम्हाला हे सगळं आता सांगायचंय. जिवंतपणी सांगितलं नाही, कारण जिवंतपणी तुम्ही मला ओळखत नव्हता. असं म्हणणंही पूर्ण खरं नाही. पण ते पुढे येईलच.

पहिल्यापासून सांगते. मी पाचवीत तुमच्या शाळेत आले तेव्हा आम्ही टपाल नाक्याजवळ राहायचो. घरापासून शाळा चालत दहा मिनिटं. साडेचारला घंटा झाली की आम्ही डे-स्कॉलर दप्तरं पाठीला लावून फाटकातून बाहेर, आणि बोर्डिंगच्या साठ मुली रांगेने आत. आत काय होतं ते आम्हाला दिसायचं नाही. वास यायचा, आमटीचा. भांडी वाजायची. मग कुणीतरी हसायचं, मग सगळ्या हसायच्या, आणि तुमचा आवाज यायचा, "पुरे आता, पुरे." घरी माझी आई गरम पोळी वाढायची, बाबा संध्याकाळी माझं गणित घ्यायचे, आणि मी मनातल्या मनात त्या फाटकाशी उभी असायचे. दुसऱ्याच्या ताटातला लाडू मोठा दिसतो म्हणतात. मला तर त्यांच्या ताटातली पाणचट आमटीही मोठी दिसायची.

आणि त्यांचे ते नंबर. साठ मुलींचे कपडे एकाच हौदावर धुतले जायचे, म्हणून प्रत्येकीला एक नंबर दिलेला. फ्रॉकच्या कॉलरला आतून, टॉवेलच्या कोपऱ्याला, उशीच्या अभ्र्याला लाल दोऱ्याने शिवलेला. ताटाला आणि मगाला रंगाने घातलेला. सोयीसाठी सुरू झालेली गोष्ट, पण तुमच्या तोंडी ती लाडाची नावं झाली होती. "बावीस, नाक पूस." "नऊ, अगं बाय, चप्पल कुठेय तुझी?" नऊ नंबरची मुलगी आपटा गावाकडच्या वीटभट्टीवरून आली होती. तिचं खरं नाव शाळेत निम्म्या जणींना माहीत नव्हतं, पण तुम्ही "नऊ" म्हणून हाक मारली की ती जागेवरून उडी मारायची. तुम्ही वसईच्या, त्यामुळे तुमचं ते "बाय" मऊसूत यायचं. आम्हा डे-स्कॉलरना तुम्ही नावाने हाक मारायचात, आडनावासकट. मी कायम "वैशाली देसाई". बँकेत खातं उघडायला आल्यासारखी.

आईला नंबरांचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "शी, कैद्यांना देतात तसे नंबर काय!" मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

शनिवारी अर्धी शाळा. दुपारी तुम्ही व्हरांड्यात तेलाची बाटली आणि बारीक दातांची फणी घेऊन बसायचात आणि बोर्डिंगच्या मुली एकेक करून तुमच्या पुढ्यात पायरीवर. डोकं तुमच्या गुडघ्यांत, उवा काढायला. मी दप्तर आवरायच्या निमित्ताने तिथे रेंगाळायचे. मला उवा व्हाव्यात म्हणून मी नऊ नंबरच्या मुलीच्या डोक्याला डोकं लावून बसायचे, हे तुम्हाला कुणी कधी सांगितलं का? झाल्या. पण त्या आईने काढल्या, घरी, रॉकेल लावून, आणि वर मला बडवलं.

मग सहावीत मी तो उद्योग केला. शिवणाचा तास तुमचाच असायचा, तिथे मात्र बोर्डर आणि डे-स्कॉलर असा भेद नव्हता. उलटी टीप तुम्ही मला माझ्या बोटांवर बोटं ठेवून शिकवलीत. घरी जाऊन मी त्याच उलट्या टिपेने, आईच्या डब्यातल्या लाल दोऱ्याने, माझ्या पिनाफोरच्या आतल्या बाजूला नंबर शिवला. एकसष्ट. साठ मुली होत्या, म्हणून पुढचा. कुणाचा हिसकावलेला नव्हता.

दोन आठवडे तो कुणाला दिसला नाही. मग खेळाच्या तासाला पट्टा सुटला आणि तुम्ही तो लावायला वाकलात. मला हाताला धरून शिवणाच्या खोलीत नेलंत, छोटी कात्री घेतलीत आणि एकेक टाका उसवलात. टाके चांगले होते, वेळ लागला. मला वाटलं, रागवाल, निदान हसाल तरी. तुम्ही दोरे चिमटीत गोळा केलेत आणि म्हणालात, "तुला घर आहे, वैशाली."

एवढंच. घर आहे हा माझा काय गुन्हा होता? त्या दिवसापासून हे भांडण माझ्या मनात चालू आहे, एकतर्फी. नंतर वाढदिवसाला, लग्नाला, मुलाच्या बारशाला, कधीही तुमची आठवण आली की मी मनात म्हणायचे, घर असलेल्या मुलीला आणखी एक जागा लागू नये का? तुमच्याकडे याचं उत्तर असणार. मी विचारलं नाही. तुम्ही म्हणाल, त्या बिचाऱ्यांकडे दुसरं काय होतं? ते कळत होतं हो. कळल्याने पोटात दुखायचं थांबत नाही.

आणि आता सदतीस.

सदतीस म्हणजे हिरा. उरणजवळच्या करंज्याची. बाप होडीवर, आई मासळी विकायची. वर्गात ती माझ्या बाकावर बसायची, कारण आम्ही दोघी एकाच उंचीच्या होतो. तिच्या वह्यांना सुकटीचा वास येतो म्हणून मुली नाक मुरडायच्या, मी मुरडायचे नाही. मैत्रीण म्हणून नव्हे, तर बोर्डिंगमध्ये काल काय झालं ते तिच्याकडून कळायचं म्हणून. महिन्याच्या पहिल्या रविवारी पालकांना भेटायची परवानगी होती, दोन ते पाच. सोमवारी हिराच्या खिशात आईने आणलेला लाडू असायचा, त्यातला अर्धा ती मला द्यायची.

सहावीच्याच वर्षी दिवाळीनंतर हिराची आई गेली. पोटाचं ऑपरेशन होतं मुंबईला, त्यातून ती उठलीच नाही. हिराचा काका येऊन तिला घेऊन गेला, पंधरा दिवसांनी परत आणून सोडलं. आणि तेव्हापासून तुम्ही बदललात. हिरा तुमच्या शेजारी जेवायची. तुमच्या खोलीत बसून अभ्यास करायची. नाताळात येशूजन्माच्या गोठ्याची मांडणी करायला तुम्ही तिला घेतलंत. तिला स्वेटर विणलात, गुलबक्षी रंगाचा. सदतीस, सदतीस, सदतीस. दिवसभर तुमच्या तोंडी दुसरा नंबर नाही.

मी बारा वर्षांची होते. हिराला आई नव्हती आणि मला तिचा हेवा वाटायचा. आई गेल्याशिवाय तुमच्या शेजारी जागा मिळत नाही, असा मी हिशोब केला होता. माझी आई धडधाकट आहे, याचा मला राग यायचा. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. लिहितानाही हात थांबला. पण तुम्ही आता अशा ठिकाणी आहात जिथे असलं बरंच काही ऐकून घेतलं जात असणार.

दहावीनंतर हिरा करंज्याला गेली, पुढे तिला उरणच्या बंदरात एका एजंटकडे नोकरी लागल्याचं कळलं. मी लग्न होऊन खांदा कॉलनीत आले. तुमच्या शिवणाच्या तासावर मी दुकान उभं केलं, सिस्टर. ब्लाउज, लेहंगे, आता तर डिझायनर म्हणतात. माझ्या दोन कारागीर बायकांना मी उलटी टीप बोटांवर बोटं ठेवून शिकवते. याबद्दल तुमचे आभार मानायचे म्हणून मी दोन वर्षांपूर्वी मिठाईचा डबा घेऊन तुम्हाला भेटायला आले. तेव्हा तुमचं विस्मरण बरंच पुढे गेलं होतं.

शाळेमागच्या कॉन्व्हेंटमधली ती कोपऱ्यातली खोली. तुम्ही खुर्चीत. तुमची देखभाल करणाऱ्या सिस्टर फिलोमिना मला म्हणाल्या, "नावं गेलीत सगळी. नंबर राहिलेत. तुमचा नंबर सांगा, ओळखतील." तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि विचारलंत, "नंबर?"

मी म्हटलं, "सिस्टर, मी वैशाली देसाई. डे-स्कॉलर."

तुम्ही सौजन्याने हसलात. "बसा हं," म्हणालात.

बसा! पट्टी मारलेल्या मुलीला "बसा"! मी मिठाई ठेवली, दहा मिनिटं बसले, उठले. दुसऱ्या वेळी तेच. त्या वेळी मी तिथे असतानाच बावीस आली, ती आता नर्स आहे. दारातूनच म्हणाली, "सिस्टर, बावीस." आणि तुमचा चेहरा! "अगं बाय, ये ये, नाक पुसलंस का?" पन्नास वर्षांची ती बाई पदराने नाक पुसत तुमच्या पायाशी बसली. मी भिंतीला टेकून उभी होते. मी आणलेले पेढे तुम्ही तिला भरवलेत.

तिसऱ्या वेळी तुम्ही "नंबर?" विचारलंत आणि मी म्हटलं, "सदतीस."

ठरवून नव्हतं. तोंडातून निघालं. इतकी वर्षं ज्या नंबरावर डोळा होता तोच आला. शिवाय बावीस म्हणाली होती की सदतीस कधीच येत नाही, फोनही उचलत नाही. जागा रिकामी होती, आणि मी जाऊन बसले. आयत्या बिळावर नागोबा.

तुम्ही दोन्ही हात पुढे केलेत. "बस गं बाय. किती दिवसांनी आलीस."

सिस्टर फिलोमिनांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माझं नाव माहीत होतं. बाहेर सोडायला आल्या तेव्हा मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "त्यांना बरं वाटलं ना? मग असू दे." त्यानंतर मी दर गुरुवारी सदतीस होऊन येत गेले. तुम्ही विचारायचात, जेवण आवडतं का, करंज्याला थंडी आहे का, होडी दुरुस्त झाली का. मी उत्तरं द्यायचे. करंज्याला मी आयुष्यात एकदा गेले आहे, सहलीला. सुकत टाकलेली मासळी आणि उलट्या घातलेल्या होड्या एवढंच आठवतं. तेवढ्या भांडवलावर मी वर्षभर मुलगी झाले. आणि सुखात होते, सिस्टर. घरी जाताना रिक्षात गुणगुणायचे.

मग तो गुरुवार. दुपारचे चार वाजले असतील. वर्गांमधून पाढ्यांचा आवाज येत होता. तुम्ही एकदम म्हणालात, "सदतीस, तुझी आई आली होती."

मला वाटलं, भ्रमात आहात. "कधी सिस्टर?"

"बुधवार होता. निळं लुगडं. डोक्यावर पाटी तशीच. म्हणाली, उद्या मला मुंबईच्या दवाखान्यात नेणार आहेत, पोरीला एकदा बघू दे. मी म्हटलं, पहिल्या रविवारी या. म्हटलं, आज तुम्हाला आत घेतलं तर उद्या साठ जणींच्या आया फाटकावर उभ्या राहतील. ती भांडली नाही गं. भांडली असती तर मी सोडलं असतं."

तुम्ही डोळे पुसले नाहीत, ते वाहू दिलेत. मी पदर पुढे केला तर तुम्ही तो बाजूला सारलात.

"जाताना म्हणाली, मी आली होती ते तिला सांगू नका, रडत बसंल, अभ्यास करू दे. मी शब्द दिला. ती मेली, मग तो शब्द मोडायचा कसा? नाही सांगितलं तुला. आता सांगितलं. मला माफ करशील, बाय?"

त्या वेळी खरं बोलायची संधी होती. सिस्टर, मी हिरा नाही, मी वैशाली, तुम्ही हे भलत्याच बाईला सांगताय. मी बोलले असते तर तुम्ही घाबरला असता आणि पुन्हा "बसा हं" म्हणाला असता. मला ते नको होतं. आणि तुम्ही रडत होता, तेही मला बघवत नव्हतं. दोन्ही कारणं खरी आहेत. पहिलं जास्त खरं आहे.

मी म्हटलं, "माफ केलं, सिस्टर."

तुम्ही मान मागे टेकलीत आणि झोपलात. त्यानंतर तुम्ही तो विषय कधी काढला नाहीत. सिस्टर फिलोमिना म्हणायच्या, हल्ली शांत झोपतात, पूर्वी झोपेत कण्हायच्या. मला अभिमान वाटायचा. तुमच्या साठ मुलींपैकी एकीलाही जे जमलं नाही ते एकसष्टावीने केलं, असं मी स्वतःलाच सांगायचे.

पण चोराच्या मनात चांदणं. एक निरोप माझ्याकडे येऊन पडला होता आणि तो माझा नव्हता. हिराचा फोन नंबर बावीसकडे मागितला असता तर पाच मिनिटांत मिळाला असता. मी चार महिने मागितला नाही. मनाला म्हणायचे, जुनी जखम कशाला उकरायची. लाज वाटते म्हणूनही समजूत घालायचे. खरं कारण एवढंच होतं की हिराला कळलं तर ती येईल, दारात उभी राहून "सदतीस" म्हणेल, आणि मग मी कोण? तुम्ही गेलात तोवर मी गप्प बसले. तिला तुम्हाला भेटता आलं असतं, ते मी होऊ दिलं नाही. याची माफी कुणाकडे मागायची ते मला अजून कळलेलं नाही.

तर मिस्सा निम्मी झाली होती आणि माझ्या बाकावर कुणीतरी येऊन बसलं. सलवार-कमीज, केस आखूड कापलेले, अर्धे पांढरे. उंची अजून माझ्याएवढीच. मी ओळखलं.

"पुढे बस ना," मी कुजबुजले. "तुमच्यासाठी जागा ठेवलीय."

"नको," हिरा म्हणाली. "हितंच बरी."

दफन झालं. सगळ्यांनी मूठमाती दिली, हिरा जांभळीखाली उभी राहिली. नंतर शाळेच्या व्हरांड्यात चहा आणि केक ठेवला होता. पहिल्या तीन बाकांवरच्या बायका एकमेकींना नंबर सांगून मिठ्या मारत होत्या. आम्ही दोघी खांबाशी.

मी विचारलं, "इतक्या वर्षांत एकदाही आली नाहीस त्यांना भेटायला."

"नाय." तिने चहात फुंकर घातली. "माझ्या आयला तिनं फाटकावरून परत धाडली होती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. मी वरच्या खिडकीतून बगत होते. आयनं पाटी खाली ठेवली, परत उचलली आणि गेली. खाली काय बोलणं झालं ते ऐकू नाय आलं. मी वाट बगली, सिस्टर सांगंल, आय आली होती म्हणून. रात्री नाय, दुसऱ्या दिवशी नाय, आय गेल्यावर पण नाय. मग स्वेटर विणून दिला."

"मग आज का आलीस?"

"खरंच गेली का बगायला."

सिस्टर, त्या वेळीही मी गप्प बसू शकले असते. माझा चहा संपला होता, दुकान उघडायचं होतं. पण तिने "ऐकू नाय आलं" म्हटलं आणि मला ते पुढे सहन होईना. पस्तीस वर्षं ही बाई एका खिडकीत उभी होती, आणि खाली काय बोलणं झालं ते माझ्यापाशी होतं.

मी सांगितलं. आधी माझं पाप, मग तुमचं.

"तू सदतीस झालीस?" तिने मध्येच विचारलं.

"हो."

"किती दिवस?"

"वर्षभर. दर गुरुवारी."

"आणि तिला कळलं नाय मी नाय ते?" ती हसली, वाईट हसली. "म्हंजे तिला मी नवते आठवत. नंबर आठवत होता."

तुमची शपथ, क्षणभर मला बरं वाटलं. मी आठवत नव्हते आणि हिराही आठवत नव्हती, म्हणजे आम्ही शेवटी एका बाकावर. पण ते खरं नव्हतं, आणि खरं काय ते मला एकटीलाच माहीत होतं.

"नाही," मी म्हटलं. "त्यांना तुझी आई आठवत होती. निळं लुगडं. बुधवार. माझी आई त्यांनी दहा वेळा पाहिली असेल, तिच्याबद्दल त्यांना एक अक्षर आठवलं नाही."

मग मी फाटकावरचं बोलणं सांगितलं, शब्दाला शब्द. आई काय म्हणाली, तुम्ही काय म्हणालात. ती भांडली असती तर सोडलं असतं, हेही. "मी आली होती ते तिला सांगू नका" इथे आल्यावर हिराने कप कठड्यावर ठेवला.

"आय बोलली, सांगू नका?"

"हो. रडत बसंल म्हणाली. अभ्यास करू दे."

"अशीच होती ती," हिरा म्हणाली. व्हरांड्यात कुणीतरी केक फिरवत होतं, तिने तो घेतला आणि हातात तसाच धरून ठेवला. "आणि मी हिला पस्तीस वर्षं शिव्या घातल्या. ही आयचा शब्द पाळत होती."

"त्यांनी तुझी माफी मागितली, हिरा."

"मग?"

"मी म्हटलं, माफ केलं. तुझ्या नावाने. तेव्हापासून त्यांचं झोपेतलं कण्हणं थांबलं."

"तू कोण गं?" आवाज चढला नव्हता, तरी बावीसने वळून पाहिलं. "माझी आय, माझी माफी. तू कोण देणारी?"

मी वैशाली देसाई, डे-स्कॉलर. घर असलेली. मी मान खाली घातली.

"मी आली असती तर नसतं केलं माफ," ती म्हणाली. "तोंडावर बोलली असती, नाय करत. तिला तशीच ठेवली असती." केकचा चुरा तिच्या ओढणीवर पडला, तो ती एकेक वेचत राहिली. "आणि मग ती तशीच गेली असती. कण्हत. आणि आयनंच सांगू नका म्हटलं होतं, हे आज मला कळलं असतं."

ती रडली. मला जवळ घ्यावंसं वाटलं, पण हात उचलला नाही, माझा तेवढा हक्क नव्हता. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "परत सांग. पहिल्यापासून. आय काय बोलली ते."

मी परत सांगितलं. तिने तिसऱ्यांदा विचारलं, मी तिसऱ्यांदा सांगितलं. लुगडं कोणतं निळं, पाटी उजव्या हाताने धरली होती की डाव्या. जे माहीत होतं ते सांगितलं, जे नव्हतं ते नाही म्हटलं. या वेळी मी एक अक्षर पदरचं घातलं नाही आणि एकही मागे ठेवलं नाही. गुरुवारही सांगितले, करंज्याची थंडी, होडीची चौकशी, ते "बाय". वर्षभर तिच्या नावावर जे जे घेतलं होतं ते सगळं तिच्यापुढे ठेवलं. ती ऐकत होती आणि माझं एकेक कमी होत होतं.

"माफ केलं म्हटल्यावर?" तिने विचारलं. "मग काय केलं सिस्टरनं?"

"मग काही नाही," मी म्हटलं. "झोपल्या."

सिस्टर, झोपताना तुम्ही माझा हात धरला होतात. शाळा सुटेपर्यंत सोडला नव्हता. मी हलले नाही, बोटं बधिर झाली तरी हलले नाही. तुम्ही धरलात तो सदतीसचा म्हणून, ते मला कळतं. पण सुया टोचून खरखरीत झालेली ती बोटं माझी होती. तेवढं मी हिराला सांगितलं नाही, आणि सांगणारही नाही.